आधी मामाला

गौरम्माच्या भट्टीतून पहिल्यांदा जे उतरायचं ते ती गिऱ्हाइकाला कधीच देत नसे. पिंपाखाली जाळ चांगला धरला की नळीच्या तोंडाशी थेंब जमायला लागायचे. त्या थेंबांना रंगाच्या डब्यासारखा उग्र वास असायचा, नाकाशी धरलं तर डोळ्यांत पाणी यायचं. ते पोटात गेलं की माणूस सकाळी डोकं धरून ओकत बसतो आणि पुन्हा त्या भट्टीची वाट धरत नाही, हे तिला नवऱ्याच्या हाताखाली काम करतानाच कळलं होतं. म्हणून ती आधी नळीखाली एक वेगळं भांडं ठेवायची. त्यात जमायचं त्याला ती 'वरचं' म्हणायची. वास बदलला की भांडं बाजूला काढून कॅन लावायची; ती 'खालची', गिऱ्हाइकाची.

इतर भट्टीवाले वरचं ओतून देतात. गौरम्मा ते धाकट्या भावाला द्यायची.

मायाप्पा सोलापुरात टॉवेलच्या मागावर कामाला होता. कारखाना बंद पडला, बायको माहेरी गेली ती परतली नाही, आणि दारू तर आधीपासूनच होती. एक पिशवी घेऊन तो मंद्रूपच्या पुढं, ओढ्याकाठच्या बहिणीच्या शेतात येऊन उभा राहिला. गौरम्मानं त्याला घरात घेतलं नाही. भट्टीशेजारी पत्र्याची खोली होती, तिकडं बोट दाखवलं. तेव्हापासून लाकडं फोडणं, ओढ्याचं पाणी आणणं, गुळाचं रसायन ढवळणं आणि पिंपं घासणं हे त्याचं काम झालं. दोन वेळा भाकरी मिळायची आणि दिवस मावळला की वरचं. आपल्याला काय मिळतंय हे त्याला माहीत होतं. तो नाक दाबून प्यायचा, रात्रभर कण्हायचा आणि सकाळी लाकडं फोडायला उभा राहायचा.

गौरम्मानं मनात काय ठेवलं होतं हे तिच्या सुनेला, वैष्णवीला, एकदाच कळलं. भाकरी थापता थापता गौरम्मा सहज सांगावं तसं बोलली होती. नवरा मेला तेव्हा शिवकुमार अंगावर पीत होता. त्याला घेऊन ती सोलापूरला भावाच्या दारात गेली. आतून भावजय बोलत होती, कडी मात्र मायाप्पानं लावली. दिवसभर ती पायरीवर बसून होती आणि पोर रडत होतं. कुणी दार उघडलं नाही.

"मग तुमी काय केलं?" वैष्णवीनं विचारलं होतं.

"काय करनार. परत आले, आन नवऱ्याची भट्टी पेटवली."

त्यानंतर ती त्याबद्दल कधी बोलली नाही. मायाप्पाशीही नाही. त्याला ती नावानं हाक मारायची, तीही काम असेल तरच.

मे महिन्यात उत्पादन शुल्कची गाडी थेट ओढ्यापर्यंत आली. पिंपं आडवी झाली, मुरत आलेलं सगळं रसायन मातीत गेलं. गौरम्मा आणि मायाप्पा उसात लपले म्हणून सापडले नाहीत. पिंपं दुसरी मिळाली असती, पण नवा गूळ भिजवून तो मुरायला वेळ लागणार होता आणि वेळच नव्हता. नदीकडच्या वीटभट्टीचा मालक चनबसप्पा हंगाम संपला की कामगारांना मटणाचं जेवण आणि दारू द्यायचा. दारू दर वर्षी गौरम्माचीच असायची. जेवणाचा दिवस ठरला होता.

शिवकुमार टेम्पो चालवायचा, माल पोचवायचं काम त्याचंच. तो दोन दिवस बाहेर राहिला आणि येताना मोठे निळे कॅन घेऊन आला. गौरम्मानं झाकण उघडून वास घेतला आणि मागं सरली.

"काय हाय हे?"

"स्पिरिट. रंगाच्या कारखान्यात वापरत्यात."

"हे प्यायचं न्हाय, शिवा."

"तसंच कोन पाजतंय? भट्टीतनं काढायचं. यातलं जे वाईट असतंय ते हलकं असतंय, आदी उडून येतंय. तेवढं फेकायचं, ऱ्हायलेलं चांगलं. मोबाइलवर बघितलंय मी." मग तो हसून म्हणाला, "आन तू तरी येगळं काय करतीस? इतकी वर्सं वरचं काडतीसच की."

ती खरंच इतकी वर्षं तेच करत आली होती आणि तिच्या दारूनं आजवर कुणी मेलं नव्हतं. तिनं झाकण लावलं.

"वरचं जरा जास्त काडू मग," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिंप लावलं. मायाप्पानं नेहमीसारखी लाकडं सारली. थेंब यायला लागले तशी गौरम्मा नळीशी वाकली, बोटावर थेंब घेऊन वास घेत राहिली. तिची नेहमीची खूण सापडेना. गुळाच्या दारूत उग्र वास जाऊन गोडसर वास कधी सुरू होतो हे तिला झोपेतही कळलं असतं. याला पहिल्यापासूनच मऊ, गुळमुळीत वास होता आणि तो बदलतच नव्हता. वरचं कुठं संपलं आणि चांगलं कुठं सुरू झालं हे नाकाला लागेना. बराच वेळ तिनं वाट पाहिली, मग अंदाजानं भांडं काढलं आणि कॅन लावला.

भांड्यातलं तिनं स्वतःच्या हातानं चरात ओतलं. मायाप्पा बघत होता.

"आज ते मला न्हाय?"

"आज न्हाय," गौरम्मा म्हणाली.

सगळं उतरेपर्यंत उन्हं डोक्यावर आली. घराच्या पडवीत वैष्णवी कांदा चिरत होती. शिवकुमार पाणी प्यायला आला आणि आईला म्हणाला, "वास काय कळंना म्हनतीस तर आदी मामाला देऊ. संध्याकाळपतुर बघू. बरा ऱ्हायला तर माल काडू."

वैष्णवीची विळी थांबली. "मामा मानूस हायत."

"म्हनूनच की. कुत्र्याला पाजलं तर ते सांगनार हाय का डोकं दुकतंय म्हनून?"

वैष्णवीनं सासूकडं पाहिलं. गौरम्मा चुलीकडं तोंड करून बसली होती. थोड्या वेळानं ती उठली, फडताळातून अंडी काढली आणि सुनेला म्हणाली, "याचं कालवन कर. जरा तिखट कर, त्याला तिखट लागतंय."

लिंबाच्या सावलीत तिनं पोतं अंथरलं. मायाप्पाला हात धुऊन यायला सांगितलं. ताटात कालवण होतं, कडक भाकरी, शेंगाची चटणी, फोडलेला कांदा. शेजारी स्टीलचा पेला भरून ठेवला होता. गौरम्मा त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"बस, तम्मा," ती म्हणाली.

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आईच्या घरी असताना ती त्याला तशी हाक मारायची. तो ताटाकडं आणि तिच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग त्यानं पेला उचलला. नाक दाबायची सवय होती म्हणून हात नाकाकडं गेला, पण वास आला नाही. एक घोट घेऊन त्यानं डोळे मिटले.

"ही तर खालची हाय, अक्का."

"खालचीच. पी."

त्यानं भाकरी मोडली. दोन घास खाल्ले आणि त्याला रडू आलं. तोंडात घास असताना तो म्हणाला, "अक्का, त्या दिवशी तू आलतीस, तवा मी दार..."

"खा आदी," गौरम्मा म्हणाली.

तो खात राहिला. पेला रिकामा झाला तसा शिवकुमारनं पुन्हा भरला. मायाप्पा लहानपणचं काही काही बोलत होता, आईनं हुरडा भाजलेला, अक्कानं खांद्यावर बसवून जत्रेत नेलेलं. गौरम्मा हूं हूं करत होती आणि त्याचे डोळे निरखत होती. जेवण झाल्यावर शिवकुमारनं त्याला चालायला लावलं, बोटं मोजायला लावली, विहिरीवरच्या मोटारीचं नाव वाचायला लावलं. मायाप्पाला ती थट्टा वाटली. त्यानं सगळं बरोबर सांगितलं.

"डोकं दुकतंय का?"

"न्हाय की. लई हलकी हाय. रोज असली मिळाली तर मी तरना हुईन."

दुपारभर तो सावलीत झोपला. उन्हं कलल्यावर उठून त्यानं न सांगता पिंप घासून ठेवलं. शिवकुमारनं आईकडं पाहिलं, गौरम्मानं मान हलवली. कॅन टेम्पोत चढवायलाही मायाप्पानंच हात लावला.

सकाळी वैष्णवी चहा घेऊन पत्र्याच्या खोलीत गेली. मायाप्पा भिंतीला टेकून बसला होता, पोटाशी गुडघे घेऊन. त्यानं हात पुढं केला तो कपाच्या बाजूनं गेला. तिनं कप त्याच्या बोटांशी नेला तेव्हा कुठं त्याला सापडला.

"धुकं पडलंय का गं?" त्यानं विचारलं.

बाहेर लख्ख ऊन होतं.

"मामा, मी दिसते का तुमाला?"

"पांडरं दिसतंय. सगळं पांडरं दिसतंय."

तिनं धावत जाऊन सासूला आणलं. गौरम्मा दारात उभी राहिली, मग आत येऊन तिनं भावाच्या तोंडासमोर हात हलवला. त्याची पापणी लवली नाही. तिनं पुन्हा हलवला. तो हात तसाच वर राहिला, जणू खाली घ्यायचा विसरली होती.

"कोन हाय?" मायाप्पानं विचारलं.

ती बाहेर आली. शिवकुमार अंघोळ करून केस पुसत होता. तिनं त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण थोडाच वेळ.

"चनबसप्पाचं जेवन आज दुपारी हाय," वैष्णवी म्हणाली. "आता फोन केला तर कुनी पिनार न्हाय. आन मामाला सोलापूरला न्या. टेम्पो हाय की दारात."

"दवाखान्यात नेलं की डॉक्टर पैला इचारनार, काय प्याला, कुटं प्याला. मग पोलीस." शिवकुमारनं टॉवेल दोरीवर टाकला. "आन चनबसप्पाला काय सांगू? मी इख दिलंय म्हनून? मामाचं शरीर आदीच सडलंय. त्याला सोसलं न्हाय म्हनजे सगळ्यांनाच बादंल असं हाय का?"

"अत्या, तुमी सांगा."

गौरम्मा ओढ्याकडं बघत होती. एकीकडं भाऊ होता, वीटभट्टीवरचे न पाहिलेले लोक होते. दुसरीकडं एकुलता एक मुलगा होता. तिला विचार करायला फार वेळ लागला नाही.

"खोलीला कडी घाल," ती शिवकुमारला म्हणाली. "कुनी आलं गेलं तर दिसायला नको."

वैष्णवी न्हाणीत गेली आणि तिथून चनबसप्पाला फोन लावला. पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी गाणी लावली होती. तिनं सांगितलं, आमच्या मामांना दिसेनासं झालंय, ती दारू वाटू नका.

"तुमचं मामा रोजच पडलेलं असतंय की," चनबसप्पा म्हणाला. "काल रातीपासनंच लोकांनी एक कॅन फोडलाय. सगळी बरी हायत, नाचायलीत. सासूशी भांडन झालंय का तुमचं?"

"मी खरं सांगते. तुमी तरी पिऊ नका."

"मी हातभट्टीची पीत न्हाय," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

ती बाहेर आली तेव्हा शिवकुमार दारातच उभा होता. त्यानं तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि तोंडात मारली. गौरम्मा बघत होती. ती मधे पडली नाही.

त्या दिवशी पत्र्याच्या खोलीतून आधी हाका येत होत्या, मग नुसतं ओकणं, मग पत्र्यावर हात आपटल्याचा आवाज. ऊन वाढलं तसा पत्रा तापला. गौरम्मानं एकदा कडी काढून पाण्याची कळशी आत ठेवली.

"अक्का, मला दवाखान्यात ने. डोळं फुटतील असं दुकायलंय."

"उद्या नेऊ," ती म्हणाली, आणि कडी लावली.

उद्या उजाडला तेव्हा वीटभट्टीवरची माणसं पडायला लागली होती. कुणी ओकत होतं, कुणी भिंत धरून चालत होतं, कुणाला श्वास पुरत नव्हता. परगावहून आलेली माणसं ती, कुणाला काही सांगावं हेही त्यांना कळेना. एका झोपडीत नवरा-बायको दोघंही सकाळी उठलीच नाहीत. त्यांचं रांगतं पोर त्यांच्या अंगावर चढून खेळत होतं, तेव्हा शेजारणीनं आत डोकावून पाहिलं. मग गाड्या आल्या आणि माणसं सोलापूरला न्यायला लागली. चनबसप्पा मोटारसायकलवरून राज्याच्या हद्दीपलीकडं पळाला आणि संध्याकाळच्या आत सापडला. त्यानं पहिलं नाव शिवकुमारचं घेतलं.

मंद्रूपहून कुणीतरी गौरम्माला फोन करून हे कळवलं. तिनं कडी काढली आणि आत जाऊन भावाशेजारी बसली. खोलीत घाण वास होता. मायाप्पा कुशीवर पडला होता, त्याचा श्वास मोठ्यानं चालू होता. तिनं ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं.

"पोलीस येनार हायत," ती म्हणाली. "मानसं मेलीत. तू सांगायचं, स्पिरिट मी आनलं, मीच भट्टीतनं काडलं. शिवाला ठावं नव्हतं, त्याला गुळाची म्हनून मीच भरून दिली."

मायाप्पानं चाचपून फडकं बाजूला सारलं.

"अक्का, परवा मला जेवू घातलंस, ते त्यासाठी?"

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"ठावं असतं तर शिवाला काडूच दिली नसती. ठावं नव्हतं म्हनून तुला दिली."

तो उताणा झाला. डोळे उघडेच होते. "माजी नजर येईल का परत?"

"न्हाय येनार," गौरम्मा म्हणाली. "तुला आता लाकूड फोडता येनार न्हाय, पानी आनता येनार न्हाय. शिवा आत गेला तर मी तुला हितं ठेवनार न्हाय, मायाप्पा. रस्त्यावर सोडीन. तितं आत निदान दोन येळा जेवायला घालत्यात." मग ती थोडं थांबली. "तू दार लावलं तवा हेच पोर माज्या कडंवर हुतं. याला तरी बाहेर ऱ्हाऊ दे."

पोलीस आले तेव्हा मायाप्पानं सांगायचं तसं सांगितलं. त्यालाही सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, हाताशी बेडी आणि दाराशी शिपाई. वैष्णवी आपण होऊन ठाण्यात गेली. कॅन कुणी आणले, आधी मामाला का पाजलं, कडी कुणी घातली, तिनं फोन कुणाला केला, सगळं तिनं सांगितलं. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं आणि दवाखान्यात मायाप्पासमोर तिला उभं करून विचारलं, ही म्हणते ते खरं आहे का.

मायाप्पानं आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "न्हाय, साहेब. तिचं आन नवऱ्याचं पटत न्हाय. तिला त्याला अडकवायचंय."

"मामा," वैष्णवी म्हणाली.

"मला तिनं कदी चा बी पाजला न्हाय," तो म्हणाला. चहा म्हणताना त्याची जीभ अडखळली.

ती वॉर्डाबाहेर आली. तिथल्या तरुण डॉक्टरांना तिनं विचारलं, त्या दिवशी सकाळीच आणलं असतं तर काय झालं असतं. डॉक्टर म्हणाले, जीव तर वाचलाच आहे, नजरही बरीचशी वाचली असती. मग तिनं भट्टीचं विचारलं, आधीचं टाकून दिलं तरी असं कसं झालं.

"ते असं वेगळं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "या स्पिरिटमधलं विष थोडं आधी येतं, बाकीचं शेवटपर्यंत येतच राहतं. चुलीवर पिंप ठेवून ते कुणालाच काढता येत नाही. आणि प्यायल्यावर माणूस दिवसभर ठणठणीत दिसतो. त्यावरूनच लोक फसतात."

शिवकुमारला धरलं होतं, पण मामाच्या जबाबामुळं तो जामिनावर सुटला. घरी आल्यावर त्यानं वैष्णवीचे कपडे अंगणात फेकले. ती अकलूजला माहेरी गेली आणि तिथल्या दूध संकलन केंद्रावर कामाला लागली. साक्षीसाठी मात्र ती सोलापूरला आली. तिचं कुणी फार ऐकून घेतलं नाही. आरोपी स्वतः कबूल होता आणि सून नवऱ्यापासून वेगळी राहत होती.

त्याच दिवशी गौरम्माचीही साक्ष झाली. नव्या पेठेतून घेतलेलं नवं लुगडं नेसून ती पिंजऱ्यात उभी राहिली. भाऊ पहिल्यापासून दारुडा होता, असं तिनं सांगितलं. आपण आसरा दिला, त्यानं घात केला. आवाज कुठंही हलला नाही. मायाप्पा बाकावर बसून ऐकत होता. जेलमध्ये त्याचे केस बारीक कापले होते, अंग सुटलं होतं. बहिणीचा आवाज येत होता त्याच्या उलट्या बाजूला, खिडकीकडं त्यानं तोंड केलं होतं आणि अधूनमधून मान हलवत होता, ती बोलते ते बरोबर आहे म्हणून.

काम संपलं तेव्हा शिपायानं त्याला दंडाला धरून बाहेरच्या बोळात आणलं. गर्दीतून गौरम्मा आणि शिवकुमार जवळून गेले. जेवून निघायचं की तसंच, असं काहीतरी शिवकुमार विचारत होता. मायाप्पानं तो आवाज ओळखला आणि हात पुढं केला.

"अक्का," तो म्हणाला. "मी बरोबर सांगितलं न्हवं?"

गौरम्माचं पाऊल क्षणभर अडलं. तिनं पदर सावरला, पुढं झालेल्या हाताला वळसा घातला आणि जिना उतरायला लागली. वैष्णवी भिंतीशी उभी राहून हे बघत होती.

"कोन हुतं?" मायाप्पानं शिपायाला विचारलं.

शिपायानं जिन्याकडं पाहिलं, तिथं आता दुसरीच माणसं चढत होती. "कुणी नाही," तो म्हणाला. "चला, गाडी लागलीय."